माझ्या दारावरचे नऊ नियम

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो, आणि आज जरा चिडून बोलणार आहे. माझ्या घरघरीकडे लक्ष देऊ नका, ती वयाची आहे. चिडलो आहे तो मोठ्या माणसांवर, तुमच्यावर नाही. तुम्ही माझे दार सताड उघडे टाकून 'काय खाऊ, काय खाऊ' करत उभे राहता तेही मला आवडत नाही, पण ते पुन्हा कधीतरी.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. पत्र्याची पाठ, आत तीन जाळीचे कप्पे, तळाशी भाजीचा खण आणि दारात अंड्यांसाठी बारा खळगे. सगळे बसवून झाल्यावर एका बाईने माझ्या दाराच्या रबरात कागदाचा कपटा अडकवला आणि ओढून पाहिला. तो सहज निघाला नाही. म्हणजे दार घट्ट बसते आहे असे ठरले आणि मी पास झालो.

ज्या घरात मी आलो ते चौथ्या मजल्यावर होते. घरातले बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. नेमकी त्या दिवशी त्यांच्याच इमारतीची लिफ्ट बंद. मला दोरांनी बांधून जिन्याने वर आणताना त्यांना घाम फुटला होता आणि आई वरच्या पायरीवर उभी राहून हसत होती.

"जगाच्या लिफ्ट चालू करता अहो, आणि आपला फ्रीज जिन्यानं!"

"तू हसू नकोस, माझा हात सुटेल."

मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवले. तिथून घराचे मुख्य दार सरळ समोर दिसते, त्यामुळे कोण आले, कोण गेले, हे सगळे मला ठाऊक असते. सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. दूध टिकते, कोथिंबीर हिरवीगार राहते, एवढ्यावरसुद्धा आई मला थोपटायची.

मग दादा झाला. चार वर्षांनी त्याची बहीण. ती चालायला लागल्यापासून खाण्याचा एकेक कण उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवायची, म्हणून तिचे नाव मुंगी पडले. दादाला फक्त एका गोष्टीत रस होता. दार लावल्यावर माझ्या आतला दिवा खरोखर विझतो का? तो दार बोटभर उघडे ठेवून एक डोळा मिटून बघायचा. शेवटी बाबांनी त्याला दारापाशी असलेले बटण दाबून दाखवले. दिवा विझला.

"एवढंच?" दादा म्हणाला. एवढी मोठी निराशा मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती.

दादा नऊ वर्षांचा असताना त्याचा ताप उतरेना. नडगीवर आपोआप निळे डाग पडू लागले. तपासण्या झाल्या आणि कळले की त्याला रक्ताचा कर्करोग आहे. मित्रांनो, तुम्हाला सोपे करून सांगतो. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या आजाराशी लढतात. दादाच्या त्याच पेशी बिघडल्या होत्या. त्यावरची औषधे इतकी कडक, की बिघडलेल्या पेशींबरोबर चांगल्याही मरत. म्हणून उपचार चालू असताना इतरांची साधी सर्दीसुद्धा त्याला धोक्याची होती.

आई झेरॉक्स आणि लॅमिनेशनच्या दुकानात काम करते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले सगळे तिने टाइप केले, त्यावर जाड प्लास्टिक चढवले आणि चार चुंबके लावून तो कागद माझ्या दारावर बसवला. नऊ नियम होते. चपला दाराबाहेर. हात कोपरापर्यंत धुवायचे. पाणी वीस मिनिटे उकळायचे. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी चिकटवून तारीख आणि वेळ लिहायची. सर्वांत वरचा कप्पा फक्त दादाचा. सातवा नियम होता, बाहेरचे कोणी घरात येणार नाही. आणि नववा, ज्याला सर्दी-खोकला झाला असेल त्याने या घरात थांबायचे नाही.

त्या दोन वर्षांत मी काय काम केले म्हणून सांगू! वरच्या कप्प्यात स्टीलच्या डब्यात दादाची इंजेक्शने असायची. ती फार गार होऊन चालत नसे आणि गरम होऊनही चालत नसे. बाबांनी माझ्या आत एक छोटा तापमापक टांगला होता. ते तो सकाळ-संध्याकाळ बघत आणि मान डोलावत. एकदाही मी त्यांना मान हलवून 'नाही' म्हणायला लावले नाही.

मग एका बुधवारी आई-बाबा दोघेच दवाखान्यातून आले. मुले आतल्या खोलीत होती. आईने पाणी उकळायला ठेवले आणि दोघे ओट्याला टेकून उभे राहिले. त्यांच्या तुटक बोलण्यातून मला कळले. आजार परत आला होता. औषधे आता लागू पडत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की यापुढे त्याला दुखू नये एवढेच आपण पाहू शकतो. पातेल्यातले पाणी आटून तळ करपला, तरी कोणाच्या लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगी याच स्वयंपाकघरात शिंकली. एकदाच.

आईने बाबांकडे पाहिले. बाबांनी आईकडे पाहिले. "तुला सर्दी होतेय," आई म्हणाली. "चार दिवस मावशीकडे राहा."

मुंगीने मान वर करून माझ्या दारावरचा नववा नियम बोट लावून वाचला, मान डोलावली आणि आपली पिशवी भरली. सात वर्षांची होती. चार दिवसांचे पाच आठवडे झाले. ती परत आली तेव्हा दादा नव्हता.

तेव्हाच मला ओरडावेसे वाटले होते, मित्रांनो. पण फ्रीजला घुरघुरता येते, ओरडता येत नाही.

त्यानंतर माझ्यावर डब्यांचा हल्ला झाला. जो येई तो डबा घेऊन दारात येई. समोरच्या काकू तर दिवसातून दोनदा. भात, सूप, भाज्या, उकडलेली अंडी. एका वेळी माझ्यात सतरा डबे होते. वरच्या कप्प्यात कोणीच काही ठेवेना, त्यामुळे खालच्या दोन कप्प्यांत डब्यावर डबा. माझी थंड हवा अडकली आणि दूध नासले. त्यावर कोणी म्हणाले, "फ्रीज जुना झाला." मी जुना झालो! वा!

आणि ती माणसे काय काय बोलत! एक बाई म्हणाल्या, "सुटला बिचारा." एक गृहस्थ म्हणाले, "अजून एक आहे ना तुम्हाला, तिच्याकडे बघून दिवस काढा."  आईने त्यांचा डबा घेतला, त्यावर पट्टी चिकटवली, तारीख आणि वेळ लिहिली आणि मला दिला. चोवीस तासांनी तो ओतून टाकला. तो डबा कोणासाठी जपायचा होता, हे विचारण्याची सोय नव्हती.

महिने गेले. बाबा घरातले न बिघडलेले सगळे दुरुस्त करू लागले. नळ, बिजागऱ्या, खुर्च्यांचे पाय. आई माझे दार उघडून उभी राही आणि कशाला आलो हे विसरे. एका संध्याकाळी एका निळ्या झाकणावरून दोघांचे अर्धा तास भांडण झाले.

"हे झाकण याच डब्याचं आहे."

"बसतंय का? बसत नाही तर याचं कसं?"

"तुम्ही नीट दाबतच नाही आहात!"

"मी दिवसभर स्क्रू पिळतो, मला दाबायला शिकवू नकोस."

झाकण काकूंचे होते. मला ठाऊक होते. पण मला विचारतो कोण?

वरच्या कप्प्याची गंमत सांगतो. गंमत कसली, डोकेदुखी. रोज सकाळी आई तो रिकामा कप्पा गरम पाण्याने पुसायची. रोज संध्याकाळी बाबा वीस मिनिटे पाणी उकळून, गार करून, दोन बाटल्या त्यात ठेवायचे. कोणी ते पीत नसे. आईने एकदा दारातच काकूंना हळूच सांगितले, "मी पुसते ते यांच्यासाठी. कप्पा बंद केला तर हे कोसळतील." आणि बाबांनी फोनवर मावशीला सांगितले, "पाणी उकळलं नाही तर तिला सहन होणार नाही." मी दोघांच्या मध्ये उभा. एका भिंतीला टेकलेली दोन शहाणी माणसे, आणि एकमेकांना एक वाक्य विचारायची तयारी नाही!

पण माझा खरा जीव तुटत होता तो मुंगीसाठी. नियम संपले असे तिला कोणी सांगितलेच नव्हते. ती शाळेतून येई, चपला बाहेर काढी, कोपरापर्यंत हात धुई, पेरू दिला तर "कच्चं चालत नाही" म्हणून परत ठेवी. मोठ्यांना वाटे, पोरगी किती शहाणी झाली!

एकदा बाबांनी विचारले, "काय गं, तुझी ती दोन वेण्यांची मैत्रीण कधी येत नाही आपल्याकडे?"

"चालत नाही ना."

"कोण म्हणालं?"

मुंगीने माझ्या दाराकडे बोट केले. "सातवा."

बाबांनी सातवा नियम वाचला. त्यांचे डोळे भरले. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून मी घरघर थांबवून ऐकू लागलो. आणि ते काय म्हणाले? "बाल्कनीचं दार कुरकुरतंय," म्हणाले आणि तेल घेऊन तिकडे गेले. ते दार आदल्याच दिवशी त्यांनी दुरुस्त केले होते.

मग एक दुपार आली. बाबा कामावर, आई आत झोपलेली. मुंगीने स्टूल आणून माझे दार उघडले. वरच्या कप्प्याकडे तोंड करून ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, मी रुमाल काढत होते. खरंच. पण त्याच्या आधीच शिंक आली."

थोड्या वेळाने ती मला म्हणाली, "तू सांगू नकोस हं कोणाला."

तेव्हा मला सगळे उमगले. या मुलीने नववा नियम वाचला होता, ती शिंकली होती, तिला घराबाहेर पाठवले होते आणि मग दादा गेला होता. तिने सरळ हिशेब मांडला होता. आपल्या शिंकेने दादा गेला, असे समजून ती महिनोन्‌महिने घरात वावरत होती, आणि ज्यांना बुधवारीच सगळे कळले होते ती दोन माणसे झाकणावरून भांडत होती. मी त्या दिवशी इतका थरथरलो की दारातली अंडी एकमेकांवर आपटली. आई उठून आली आणि म्हणाली, "मेकॅनिकला बोलवायला हवं."

दादाला जाऊन सात महिने झाले होते. बाबांच्या सुट्टीचा दिवस होता. सकाळी मुंगी अंथरुणात लागोपाठ तीनदा शिंकली. मी ऐकले. थोड्या वेळाने ती पिशवी घेऊन, तोंडावर रुमाल दाबून, माझ्यासमोरून भिंतीला घासत गेली. दार उघडून बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली. आई भाजी चिरत होती. तिला वाटले दूध आले.

समोरच्या काकूंचे दार उघडले.

"अगं मुंगे! सकाळी सकाळी पायरीवर काय बसलीस? आणि पिशवी कसली?"

"मावशीकडे चाललेय."

"मावशी येणार आहे न्यायला?"

"तिला माहीत नाही अजून. पण मला सर्दी झालीये."

काकूंना काय समजले कोण जाणे, पण त्यांनी जिना दणाणून सोडला. "अगं ए! विळी टाक आधी आणि बाहेर ये!"

आई धावत आली. मुंगी लगेच दोन पायऱ्या खाली सरकली.

"आई, जवळ नको येऊ. तुला लागेल."

"लागू दे. आत चल."

"नको. तू पण गेलीस तर? बाबा पण आत आहेत. तुम्ही दोघंही गेलात तर मी कोणाकडे राहू?"

बाबा आईच्या मागे येऊन उभे राहिले होते.  मुंगी रुमालातून म्हणाली, "दादाला माझीच लागली ना? म्हणून तर पाठवलंत मला."

काकू कधी गप्प बसत नाहीत. त्या म्हणाल्या, "असं नाही म्हणायचं बाळा, ज्याची त्याची वेळ…"

"काकू, थांबा," आई म्हणाली. "आज नको." आणि ती हातातल्या भाजीच्या देठासकट पायरीवर बसली. "मुंगी, ऐक. दादाचा आजार परत आला होता. औषध लागू पडत नाहीये, तो बरा होणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बुधवारी सांगितलं. तू शिंकलीस गुरुवारी."

मुंगीने बोटावर मोजले. "बुधवार आधी येतो."

"आधी येतो."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही. तुझ्या शिंकेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. अजिबात नव्हता."

 मुलांना फसवणे अवघड असते, मित्रांनो, हे मोठ्यांच्या लक्षात राहत नाही. मुंगीने पुढचा प्रश्न विचारलाच. "मग मला का पाठवलंत?"

 बाबा म्हणाले, "आम्हाला रडू आवरत नव्हतं गं. तुझ्यासमोर रडायची भीती वाटली. तू शिंकलीस आणि आम्हाला कारण सापडलं."

"म्हणजे खोटं बोललात."

"हो."

"आणि दादाला मला भेटू पण दिलं नाही. पाच आठवडे."

"हो," आई म्हणाली. "ते आमचं चुकलं. फार चुकलं."

मुंगीने हातातली पिशवी बाबांच्या पायावर फेकली. मग ती मोठ्याने रडली. सात महिन्यांत ती अशी रडल्याचे मी ऐकले नव्हते. रडता रडता तिला शिंक आली आणि ती आईच्या तोंडावरच शिंकली. आईने तोंड पुसले नाही. तिने मुंगीला उचलले आणि सगळे आत आले, काकूसुद्धा.

आत येताच आईने माझ्या दारावरचा कागद ओढून काढला आणि फाडायला घेतला. फाटेना. तिने स्वतःच चढवलेले जाड प्लास्टिक ते! बाबांनी पिळून पाहिला. दुमडला, पण फाटला नाही. काकू म्हणाल्या, "दातांनी बघा." तीन मोठी माणसे एका कागदाशी झटत होती. मुंगी नाक ओढत म्हणाली, "फाडू नका. नुसतं लिहा ना, संपले म्हणून."

आईने कागदी पट्टी घेतली, त्यावर तारीख आणि वेळ लिहिली, खाली लिहिले 'आजपासून बंद', आणि ती नियमांवर आडवी चिकटवली.

"हात धुवायचा पण बंद?" मुंगीने विचारले.

"तो चालू."

"मला वाटलंच."

तिला पाणी गरम करून द्यायला बाबांनी माझ्या वरच्या कप्प्यातली बाटली काढली आणि तिथेच थबकले. "ही राहू देऊ ना वर? तुला हवी असेल तर…"

"मला?" आई म्हणाली. "मी तो कप्पा तुमच्यासाठी पुसते रोज."

"मी पाणी तुझ्यासाठी उकळतो."

 "सात महिने?" काकू म्हणाल्या. "धन्य आहात दोघं." माझ्या मनातले कोणीतरी बोलले, एवढे बरे वाटले मला!

त्या दिवसापासून सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही, कारण तसे झाले नाही. मुंगी आई-बाबांशी चार दिवस तुटक वागली आणि तिचे बरोबरच होते. आईने वरच्या कप्प्यात फ्लॉवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला आणि आत जाऊन रडली. बाबा अजून अधूनमधून न कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालतात. दोन वेण्यांची मैत्रीण येऊ लागली आहे. ती दारातली अंडी मोजत बसते, मी पुन्हा वैतागतो.

मित्रांनो, माझी पाठीमागची जाळी पुसली नाहीत, मला भिंतीला चिकटवून ठेवलेत, तर मी बिघडेन. मग माझ्या जागी नवा फ्रीज येईल. माझी विनंती माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात कोणी फार आजारी पडले, किंवा गेले, आणि मोठी माणसे कुजबुजू लागली, तर मनातल्या मनात हिशेब मांडत बसू नका. तुमच्या शिंकेने, भांडणाने, किंवा रागात बोललेल्या एखाद्या शब्दाने कोणाला कर्करोग होत नाही. तरीही शंका आली तर थेट विचारा. दहादा विचारा. आणि हे वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांनो, मुलांनी विचारले की बाल्कनीच्या दाराला तेल घालायला जाऊ नका.

काल संध्याकाळी आई माझे दार उघडून उभी होती. खांदे हलत होते. मुंगी दप्तर टाकून आली आणि तिने वर पाहिले.

"आई, माझ्यामुळे रडतेस?"

"नाही गं. दादाची आठवण आली."

"मला पण आली होती, गणिताच्या तासाला," मुंगी म्हणाली. "सरक जरा, मला पेरू घ्यायचाय."